कोडाच्या डागांवर सेल्फ-टॅनर लावायच्या आधी डेड स्किन हळूवार कशी काढायची?

रामबागची_मीरा · इंदूर · ६ एप्रिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. मला कोड आहे, बारा वर्षं झाली. दोन्ही हातांच्या पेरांवर, डाव्या कोपराजवळ आणि उजव्या नडगीवर तळहाताएवढा एक. गेली तीन वर्षं नवीन डाग नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता स्थिर आहे, घरात लग्न आहे तर तेवढ्यापुरतं डीएचएवालं सेल्फ-टॅनर लोशन, म्हणजे कातडीला उन्हाशिवाय तात्पुरता तपकिरी रंग देणारं, लावून बघ, हरकत नाही. घेतलं. बाटलीवर लिहिलंय, लावण्याआधी त्वचा एक्सफोलिएट करा. बस, एवढंच. कशाने, किती, कधी, काही नाही.

मग मी काय केलं तर टाचा घासायची वज्री असते ना, तीच नडगीवर आणि कोपरावर फिरवली, वरून अक्रोडाचा स्क्रब, पार लाल होईपर्यंत. वाटलं जितकं स्वच्छ तितका रंग छान बसेल. अंग पुसलं आणि लगेच लोशन. सकाळी उठून बघते तर कोपर विटेसारखं, पेरांच्या घड्यांत काळ्या रेघा, नडगीवर केसांच्या मुळाशी ठिपकेच ठिपके आणि डागाच्या बाहेर चांगल्या कातडीवर गडद कडं. म्हणजे डाग आधी होता त्याच्यापेक्षा जास्त उठून दिसायला लागला. रात्रभर आग झाली ती वेगळी. चार दिवस फुल बाह्या घालून ऑफिसला गेले, इथलं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहितीये.

नणंदेचं लग्न १० मेला आहे. मी थोरली वहिनी, हळद कुंकू लावणं, ओट्या भरणं सगळं माझ्या हातानं होणार आणि ते हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असणार. म्हणून विचारते, डेड स्किन काढायची ती नेमकी किती आणि कशानं? उटणं चालेल का? किती तास आधी?

पोहे_जलेबी · इंदूर · ६ एप्रिल

वज्री!!! अगं ती टाचांची असते गं बाई 😟 आधी आग थांबली का ते सांग.

गरबावाली · वडोदरा · ६ एप्रिल

मीराताई, मला पण आहे, पाठीवर आणि दोन्ही कोपरांना. आमच्याकडे नऊ रात्री गरबा आणि चणिया चोळीला मागून नुसत्या नाड्या, त्यामुळे मी गेली चार नवरात्रं हे लोशन वापरतेय आणि पहिल्या वर्षी तुमच्यासारखंच झालं होतं, प्लास्टिकची जाळी घेऊन रगडलं होतं.

आता मी काय करते सांगते. लावायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कोमट पाण्यानं आंघोळ, गरम नाही. पाच-सात मिनिटं अंग नुसतं भिजू देते. मग जुना धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा ओला करून, हातात गुंडाळून, गोल गोल फिरवते. जोर किती म्हणाल तर लहान बाळाचं तोंड पुसतो तेवढाच. दोन मिनिटं, संपलं. त्यानंतर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि झोप. लोशन दुसऱ्या दिवशी रात्री, तेव्हा त्वचा एकदम कोरडी आणि शांत असते. लावायच्या आधी फक्त कोपराच्या टोकाला किंचित क्रीम, बोटावर चिकटेल इतकंच, म्हणजे तिथे रंग जास्त धरत नाही.

पाठीला पंचा बहिणीकडून फिरवून घेते. तिला दर वर्षी सांगावं लागतं, भांडी घासून नाही राहिली तू.

सराफ्याजवळची_काकू · इंदूर · ७ एप्रिल

मीरा बेटा, एवढं बाटलीतलं कशाला, घरचं उटणं कर. मसुराची डाळ बारीक दळून, त्यात आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, संत्र्याच्या वाळलेल्या सालींची पूड. माझ्या सासूबाई देवासहून डबा भरून पाठवायच्या. आधी तिळाचं तेल अंगाला जिरवायचं मग उटणं लावायचं, मळ कसा सुटा होऊन निघतो. आमच्या चार पिढ्या याच्यावर गेल्या, कुणाला स्क्रब माहीत नव्हता.

लष्करवाला · ग्वाल्हेर · ७ एप्रिल

काकू, उटणं छानच, पण डागावर आंबेहळदीचा पिवळेपणा राहतो. मला स्वतःला कोड आहे म्हणून सांगतो, चांगल्या कातडीवर ती हळद दिसत नाही, डागावर दिसते.

औषधशास्त्र_शिकवतो · इंदूर · ७ एप्रिल

मीराताई, मी फार्मसी कॉलेजात शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण बाटलीत काय आहे आणि ते घासण्याशी कसं जोडलेलं आहे हे सांगू शकतो, ते कळलं की किती घासायचं हे आपोआप कळतं.

डीएचए म्हणजे डायहायड्रॉक्सीअॅसिटोन, एक साधी साखर. त्वचेच्या सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा पातळ थर असतो, त्यातल्या अमिनो आम्लांशी ही साखर जुळते आणि तपकिरी रंग तयार होतो. खवा भाजताना तो हळूहळू बदामी होतो ना, त्याच घराण्यातली क्रिया, मेलार्ड म्हणतात तिला. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला एव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधक बाई काही आजारी मुलांना ही साखर तोंडावाटे देत होत्या, ती त्यांच्या अंगावर सांडली तिथे कातडी तपकिरी झाली, त्यातून हे सगळं पुढे आलं. यात मेलॅनिनचा, म्हणजे कातडीच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा, काही संबंध नाही, म्हणूनच कोडाच्या डागावरही रंग चढतो.

आता बघा, रंग चढतो तो मेलेल्या थरावर. म्हणजे तो थर संपूर्ण काढायचा नाहीच, तो सगळीकडे सारखा करायचा आहे. कोपर, गुडघा, घोटा, पेरं इथे तो जाड आणि कोरडा असतो म्हणून रंग जास्त धरतो. जिथे पापुद्रे सुटायला आलेत तिथे रंग लागतो आणि दोन दिवसांत पापुद्र्याबरोबर जातो, मग चट्टे दिसतात. हलक्या हातानं फक्त सुटायला आलेलंच काढायचं. तुम्ही वज्रीनं चांगला थरसुद्धा कुठे काढला, कुठे राहिला, कुठे खरचटला. त्यात घासल्यावर लगेच केसांची मुळं उघडी असताना लोशन लावलंत, ते तिथे साचलं, तेच ठिपके.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोड असलेल्यांनी जोरात घासू नये याचं कारण फक्त रंग नाही. कातडीला इजा झाली, खरचटलं, सतत घर्षण झालं तर त्या जागी नवा डाग येऊ शकतो, याला कोबनर फिनॉमिनन म्हणतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, आजार चालू अवस्थेत असेल तर जास्त. तुमचा तीन वर्षं शांत आहे हे चांगलं आहे, पण वज्री, प्युमिस दगड, अक्रोडाच्या टरफलाचे टोकदार कण, नायलॉनची जाळी हे कायमचं बंद करा. नडगीवर लक्ष ठेवा, काही आठवड्यांत त्या जागेच्या आसपास पांढरं वाटलं तर डॉक्टरांना दाखवा.

काकूंच्या उटण्याबद्दल: दळण अगदी वस्त्रगाळ असेल तर कण चालतील, पण तेल आधी जिरवलं तर त्याचा पडदा राहतो आणि लोशन त्यावरून घसरतं. तेल-उटणं करायचं तर दोन-तीन दिवस आधी.

रामबागची_मीरा · ७ एप्रिल

वाचून अंगावर काटा आला. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आग आता नाहीये, नडगीवर रोज बघतेय. वज्री सासूबाईंच्या मोरीत ठेवून आले.

सर, मी रात्री पेरांवर टॅक्रोलिमस, म्हणजे कोडावरचं मलम, लावते, ते चालू ठेवून हे करायचं का?

औषधशास्त्र_शिकवतो · ७ एप्रिल

ते डॉक्टरांनाच विचारा, कुठलं कधी लावायचं त्या ठरवतील. एवढं नक्की की कुठलंही मलम, क्रीम अंगावर असताना डीएचए सारखं बसत नाही. आणि कुणी बरीच वर्षं स्टेरॉइडचं मलम लावत असेल तर तिथली कातडी पातळ झालेली असते, तिथे पंचासुद्धा विचारूनच.

मोकळं_आकाश · वडोदरा · ८ एप्रिल

मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. लपवायचं कशाला? माझ्या मावशीला सगळ्या चेहऱ्यावर आहे, ती सयाजीबागेत रोज फिरते, शाळेत शिकवून रिटायर झाली, कधी काही लावलं नाही. आपणच लपवत राहिलो तर लोकांना सवय कशी होणार? रंग लावून आपण त्याच लोकांचं ऐकतोय असं नाही का होत?

रामबागची_मीरा · ८ एप्रिल

मोकळं_आकाश, रागावले नाही, पण मनाला लागलं म्हणून उत्तर देते. मी रोज ऑफिसला काही न लावता जाते. ५६ दुकानच्या खाऊगल्लीत उभी राहून त्याच हातांनी खाते, सगळे बघतात, बघू दे. नवऱ्याच्या घरी पहिल्या दिवसापासून सांगितलेलं आहे. पण नणंदेचं लग्न हा माझ्या हाताबद्दल बोलायचा दिवस नाही. तिच्या सासरची दोनशे माणसं येणार, त्यातली एक जरी बाई तिच्या कानाशी लागून विचारेल की वहिनीचं ते घराण्यात तर नाही ना, तर त्या पोरीचं तोंड उतरेल, आणि ती माझ्यासाठी भांडेल, ओळखते मी तिला. तिनं त्या दिवशी भांडू नये एवढंच माझं म्हणणं. तो एक दिवस मी माझ्या मर्जीनं रंग लावणार आणि अकराव्या तारखेपासून तो जाईल तसा जाऊ देणार.

लष्करवाला · ग्वाल्हेर · ८ एप्रिल

मीराताईंशी सहमत आणि मावशींना माझा नमस्कार, दोन्ही मनापासून.

आमच्याकडे हिंदीत अजून कित्येक लोक याला श्वेत कुष्ठ म्हणतात आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. त्या शब्दात कुष्ठ आहे म्हणून लोक महारोग समजतात, पंगतीत पाणी वेगळं देतात. कोड संसर्गानं होत नाही, शरीराचीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानंही होत नाही, आमच्या घरात तर मासे कधी आलेच नाहीत. मी १९ वर्षांचा असताना आमच्या लष्कर भागातल्या एका न्हाव्यानं मला खुर्चीतून उठवलं होतं. आज त्याच गल्लीत दुसऱ्याकडे जातो, तो पोरगा माझ्या मानेवरच्या डागावर वस्तरा किती हलका फिरवतो ते बघण्यासारखं असतं, कुणी शिकवलं माहीत नाही.

मोकळं_आकाश · ८ एप्रिल

मीराताई, समजलं. मी मावशीच्या बाजूनंच बघत होते. लग्नाला शुभेच्छा, आणि नणंद भाग्यवान आहे.

पोहे_जलेबी · ८ एप्रिल

दाढीवरून आठवलं, नडगीवरच्या केसांचं काय करायचं? मी कोड नसताना टॅनर वापरते, गोव्याला जाताना 😄 आणि वॅक्स केल्यावर लगेच लावलं तर ठिपके येतातच.

गरबावाली · ८ एप्रिल

मी वॅक्स सोडलं. वॅक्समध्ये कातडी ओढली जाते, माझ्या डॉक्टरांनी डागांच्या जागी स्पष्ट नाही सांगितलं. रेझर नवा कोरा, साबणाऐवजी कंडिशनर लावून, केसांच्या दिशेनं, आणि तेही आदल्या दिवशी पंच्याबरोबरच. रेझर फिरतो तेव्हा थोडी डेड स्किन तोच काढतो, त्यामुळे तिथे पंचा फिरवतच नाही. दोन्ही केलं की कातडी चुरचुरते. आणि ताई, मळखाऊ रंगाचा एखादा जुना गाऊन काढून ठेवा, रात्री रंग चादरीला लागतो.

विजयनगर_बोअरवाला · इंदूर · ९ एप्रिल

एक मुद्दा कुणी काढला नाही. पाणी. आमच्या बिल्डिंगला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड आणि बाकी बोअर. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट चिकट पांढरा थर अंगावर राहतो. बायको म्हणते बोअरच्या दिवशी लोशन नीट बसत नाही. तिलाही कोड आहे, पायांवर.

पोहे_जलेबी · ९ एप्रिल

भिया आमच्याकडे पण. टाकीत नर्मदा आणि बोअर मिसळून येतं, चहाचा रंगच सांगतो आज काय आलंय. नर्मदा आली की चहा खुलतो.

विजयनगर_बोअरवाला · ९ एप्रिल

हा हा अगदी. माझे वडील जलूदची गोष्ट सांगायचे, तिथून नर्मदा पंपानं उचलून एवढा घाट चढवून शहरात आणली. सत्तरच्या दशकात त्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, त्यात ते पण होते. त्यांच्यासमोर नळ उघडा ठेवायची हिंमत नव्हती कुणाची.

औषधशास्त्र_शिकवतो · ९ एप्रिल

पाण्याचा मुद्दा बरोबर आहे. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून तो थर बनतो. शिवाय साबण अल्कली, आणि डीएचए किंचित आम्लधर्मी वातावरणात बरं वागतं, त्यामुळे साबणाचा अंश राहिला तर रंग नीट येत नाही. पंचा फिरवायच्या दिवशी आणि लावायच्या दिवशी साबणच नको, सौम्य बॉडीवॉश थोडासा, आणि शेवटचे दोन तांबे नर्मदेचे किंवा फिल्टरचे.

सराफ्याजवळची_काकू · ९ एप्रिल

मग दही चालेल का रे? दह्यात पण आंबट असतं. आणि लिंबू?

औषधशास्त्र_शिकवतो · ९ एप्रिल

काकू, लिंबू अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, डागावर तर आधीच उन्हापासून संरक्षण नाही. दही साधारण बरं. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं आणि तेच आम्ल लोशनमध्ये मोजून घातलेलं मिळतं, दह्यात किती ते आपल्याला कळत नाही. कोपरासारख्या जाड जागेला लॅक्टिक आम्लाचं किंवा १०% युरियाचं क्रीम आठवडाभर आधी रोज रात्री लावलं तर घासायची वेळच येत नाही, थर आपोआप मऊ होऊन सारखा होतो. मात्र चुरचुरलं तर थांबायचं, आणि टॅनर लावायच्या दोन दिवस आधी ते बंद करायचं. नंतर लावत राहिलात तर रंग लवकर उतरेल.

सराफ्याजवळची_काकू · ९ एप्रिल

बरं. मग मी उटणं तुझ्या लग्नघरासाठी करून देते मीरा, नवरीला लागेल. पत्ता मेसेज कर.

गरबावाली · १० एप्रिल

कडांबद्दल राहिलं. लोशन हातानं नका लावू, कापसाच्या काडीनं लावा आणि डागाच्या कडेच्या किंचित आतच थांबा, ते थोडं पसरतंच. बाहेर गेलं तर लगेच ओल्या कापसानं पुसायचं. पहिल्या दिवशी फिकं दिसेल, घाबरू नका, रंग दोन-चार तासांनी यायला लागतो आणि पुढे दिवसभर गडद होत राहतो. दुसऱ्या रात्री लोशनचा दुसरा हात, म्हणजे दुसरा थर. पण दोन हातांच्या मध्ये घासायचं नाही! मी एका वर्षी अष्टमीला घासलं आणि नवमीला पाठीवर नकाशा होता.

रामबागची_मीरा · २३ एप्रिल

उशीर झाला, पण सगळं करून बघून मगच लिहायचं ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंना भेटून आले. नडगी तपासली, नवीन काही नाही, सहा आठवडे लक्ष ठेव म्हणाल्या. त्यांनी पेरांसाठी टॅक्रोलिमसचं वेळापत्रक लिहून दिलं आणि पंच्याची पद्धत ऐकून मान डोलावली.

कोपराला सात रात्री युरिया क्रीम. मग दोन दिवस काही नाही. शनिवारी संध्याकाळी बाबांचा जुना पंचा, मधोमध विरलेला, इतका मऊ की हातात घेतल्यावर त्यांच्या देवपूजेचाच वास आला असं वाटलं. कोमट पाण्यात बसले. नडगीवर हात नेला तेव्हा खरं सांगते, हात थांबला, मागच्या वेळची आग आठवली. मग गरबावालीचं बाळाचं तोंड आठवलं. पाण्यात बारीक राखाडी वळ्या निघाल्या, लाल झालं नाही, काही नाही. एवढंच होतं, एवढ्याचसाठी मी वज्री घेतली होती.

रविवारी रात्री आधी कानामागे... नाही, दंडाच्या आत एक छोटा ठिपका लावून बघितला होता तो आदल्याच दिवशी, ते ठीक होतं. मग कापसाची काडी. पेरांवर बोटं थोडी वाकवून लावलं म्हणजे घडीत साचत नाही, हे माझं मीच शोधलं, सांगून ठेवते. लावून झाल्यावर तळहात धुतले. सोमवारी सकाळी फिकट गव्हाळ, मंगळवारी दुसऱ्या हातानंतर जवळजवळ माझ्या रंगाचं. नडगीवर कडं नाही. कोपर अजून अर्धा शेड गडद आहे, पुढच्या वेळी तिथे आधी जरा जास्त क्रीम लावेन.

आज पाचवा दिवस, हाताचा रंग उतरायला लागलाय कारण भांडी, धुणं. नडगीचा आहे तसा आहे. म्हणजे हातासाठी लग्नाच्या दोन रात्री आधी सुरू करायचं हे कळलं.

विजयनगर_बोअरवाला · २३ एप्रिल

वा ताई. बायकोला वाचून दाखवलं. ती विचारते, लग्नात बाहेर मांडवात ऊन असेल तर या रंगानं डाग भाजण्यापासून वाचतो का?

औषधशास्त्र_शिकवतो · २३ एप्रिल

नाही वाचत. रंग दिसतो म्हणून लोकांना वाटतं संरक्षण आहे, ते जवळजवळ नाहीच. उलट लावल्यानंतरचा पहिला दिवस तर उन्हात जाणं टाळाच. सनस्क्रीन डागावर नेहमीसारखं, रंग पूर्ण आल्यावर, घासून नाही, थापून.

रामबागची_मीरा · १२ मे

लग्न झालं. ८ तारखेला पहिला हात, ९ ला दुसरा. सहाला पंचा, आणि सातला काहीही नाही. ओट्या मी भरल्या, कुंकू मी लावलं. काकूंचं उटणं नवरीला लागलं, सगळ्या मांडवात नागरमोथ्याचा वास होता. नणंदेनं निघताना माझा हात धरला आणि पेरांकडे बघून म्हणाली वहिनी तुझे डाग कुठे गेले, मला ते हात ओळखूच येत नाहीयेत. मग आम्ही दोघी रडलो.

आता उतरतोय रंग, घासून काढत नाहीये.

गरबावाली · १२ मे

❤️ ताई तो पंचा जपून ठेवा. नवा लगेच वापरू नका, नव्याला खळ असते, आठ-दहा धुण्यांनंतरच मऊ येतो. मला नवरात्राआधी एक मिळवायचाय, आमच्याकडे मांडवी बाजारात मिळतो तो फार जाड आहे.

सराफ्याजवळची_काकू · १२ मे

माझ्याकडे आहेत दोन, धुऊन धुऊन मलमल झालेले. वडोदऱ्याला कुणी येणार असेल तर पाठवते.